मुलगी वाचायला लागली का?

करावे गावातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो. खाली भाडेकरूंच्या खोल्या, जिन्याजवळ गुंडाळून ठेवलेली मासेमारीची जाळी आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की दिसणारे सीवूड्सचे टॉवर. वर्ग घेणाऱ्या ताईंनी तिसरीतल्या एका मुलीला जवळ बसवून घेतले आणि तिच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर दोन छोटे परिच्छेद होते.

"यातला कुठला वाचतेस?"

मुलीने डावीकडच्या परिच्छेदावर बोट ठेवले. पहिले वाक्य तिने एकेक शब्द उचलत वाचले. दुसऱ्या वाक्यात जोडाक्षर आले आणि ती थांबली. मागे बसलेला मुलगा उत्तर सांगायला पुढे झुकला, त्याला ताईंनी हातानेच गप्प केले. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी कागद उलटला. "बरं, आता हे शब्द बघ. कुठलेही पाच वाच." पाचांपैकी चार बरोबर आले. ताईंनी वहीत मुलीच्या नावापुढे 'शब्द' असे लिहिले आणि तिला खडूची पेटी आणायला पाठवले.

जूनमध्ये त्याच वहीत तिच्या नावापुढे 'अक्षर' लिहिलेले होते. गणपतीनंतर ती 'शब्द'वर आली. वडील बांधकामावर, आई दोन घरची कामे करते. कुटुंब मराठवाड्यातून आलेले आणि वर्षातून दोनदा गावी जाणारे. अशा मुलीने चार महिन्यांत एक पायरी चढणे ही मोठी गोष्ट आहे, असे ताईंचे म्हणणे. त्यांच्या वर्गाला देणगी देणाऱ्यांनी मात्र ही वही कधी मागितलेली नाही. त्यांना मुलांची संख्या लागते, वह्या-दप्तरांच्या पावत्या लागतात आणि वाटपाचे फोटो लागतात.

'मोजमाप' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला ही वही आठवली नव्हती. ती मला माहीतच नव्हती. डोक्यात होता तो पैशाचा एक नवा व्यवहार. समाजकार्याला पैसा द्यायचा, पण तो केलेल्या कामाबद्दल नव्हे, झालेल्या बदलाबद्दल. या व्यवहाराचे करार लिहून देणाऱ्या, त्यासाठी सरकारांची आणि देणगीदारांची मने वळवणाऱ्या सल्लागार संस्था जगभर उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही स्वतः ना-नफा तत्त्वावर चालतात. त्यांनी भारतात काय केले ते समजून घेत गेले, तेव्हा त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कराराच्या मुळाशी ताईंच्या हातातला हाच कागद निघाला.

रोजाने आणि उक्ते

घराला रंग काढायचा असेल तर कामगार रोजाने ठेवता येतो किंवा काम उक्ते देता येते. रोजाने दिले की दिवस भरले की पैसे. उक्ते दिले की भिंत रंगल्यावर पैसे. समाजकार्याचा बहुतेक पैसा आजवर रोजाने दिला गेला. इतकी शिबिरे घ्या, इतकी मुले बसवा, इतके शिक्षक नेमा, वर्षअखेर खर्चाचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्या. मुले वाचायला लागली का, हा प्रश्न करारात येत नाही.

उक्ते द्यायचे तर अडचण भांडवलाची. छोटी संस्था तीन वर्षे स्वतःच्या खिशातून वर्ग चालवून शेवटी पैसे मागू शकत नाही. त्यावर काढलेला मार्ग म्हणजे इम्पॅक्ट बाँड. यात आधी पैसे घालणारा गुंतवणूकदार वेगळा असतो. काम संस्था करते. ठरलेला बदल झाला की नाही, हे तिसराच कोणी तपासतो. झाला असेल तर सरकार किंवा एखादे मोठे प्रतिष्ठान गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर काही परतावा देते. झाला नसेल तर गुंतवणूकदाराचे पैसे बुडतात.

असा पहिला प्रयोग २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगात झाला. सोशल फायनान्स या संस्थेने गुंतवणूकदारांकडून ५० लाख पौंड उभे केले. कमी मुदतीची शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना घर, काम, व्यसनमुक्ती यांत मदत करायची आणि ते पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण घटले तर सरकारने पैसे द्यायचे, असा करार होता. देशभरातल्या तशाच कैद्यांशी तुलना केली तेव्हा प्रमाण ९ टक्क्यांनी कमी भरले. करारातली अट साडेसात टक्क्यांची होती. गुंतवणूकदारांना मुद्दल आणि वर्षाला तीन टक्क्यांहून थोडे अधिक व्याज मिळाले.

भिलवाड्याचा करार

भारतातला पहिला मोठा प्रयोग राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात झाला, पण त्याची नाळ मुंबईशी आहे. काम केले 'एज्युकेट गर्ल्स'ने. सफीना हुसेन यांनी २००७ मध्ये सुरू केलेली ही संस्था मुंबईतून चालते आणि २०२५ चा मॅगसेसे पुरस्कार तिला मिळाला. मुले वाचतात का, हे तपासायला वापरली ती 'असर' या सर्वेक्षणाची चाचणी. तीही मुंबईच्याच 'प्रथम' या संस्थेने घडवलेली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ मध्ये इथल्या वस्त्यांमधून सुरू केलेल्या 'प्रथम'ने २००५ पासून देशभरातल्या गावांत घराघरांत जाऊन ही चाचणी घेतली. करावे गावातल्या ताईंच्या हातात होता तो हाच कागद. परिच्छेदापासून सुरुवात करायची. नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्दांवर यायचे, तिथेही अडला तर अक्षरांवर. इतकी साधी चाचणी आहे की गावातली बारावी झालेली मुलगी ती घेऊ शकते.

करार २०१५ ते २०१८ असा तीन वर्षांचा. स्वित्झर्लंडच्या यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने २ लाख ७० हजार डॉलर आधी घातले, तेव्हाच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. बदल झाला तर पैसे द्यायची जबाबदारी चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनची. तपासणी आयडीइनसाइट या संस्थेची. आणि हे सगळे एकत्र बांधून देणारी सल्लागार संस्था होती 'इन्स्टिग्लियो'. कोलंबियातल्या बोगोटा शहरातली, २०१२ मध्ये सुरू झालेली, नफा न कमावणारी.

सल्लागाराने नेमके काय केले, हे सांगण्यासारखे आहे, कारण या व्यवहाराची सगळी कसोटी तिथेच लागते. आधी ठरवावे लागते की मोजायचे काय. शाळेत नाव घातले हे मोजले तर नाव घालून मुलगी घरीच राहील. म्हणून भिलवाड्यात देयकाचा ८० टक्के भाग शिकण्यावर ठेवला आणि २० टक्के नाव दाखल करण्यावर. मग तुलना कोणाशी करायची? मुले वर्षभरात काही ना काही शिकतातच, कार्यक्रम नसला तरी. म्हणून काही गावांत कार्यक्रम आणि काही गावांत नाही, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. दोन्हीकडच्या मुलांची तीच चाचणी घेऊन वाढीतला जो फरक येईल तो धरायचा. त्यानंतर किंमत. एक मूल एक पायरी चढले तर किती पैसे? कमी ठरवले तर गुंतवणूकदार येणार नाही, जास्त ठरवले तर देणाऱ्याचे नुकसान. वरची मर्यादाही घालावी लागते.

१६६ शाळा, सात हजारांवर मुले. दुसरे वर्ष संपले तेव्हा शिकण्याचे उद्दिष्ट निम्म्याच्या आसपासच गाठले होते. नेहमीच्या देणगीत अशा वेळी अहवाल गोड भाषेत लिहून पुढचा हप्ता मागितला जातो. इथे तसे करून भागणार नव्हते आणि तशी गरजही नव्हती, कारण करारात किती वर्ग घ्यायचे, कोणते पुस्तक वापरायचे, याची बंधने नव्हती. संस्थेने काम बदलले. मुलांचे गट इयत्तेऐवजी त्यांना जे येते त्यानुसार पाडले. शिकवण्याचे साहित्य बदलले. 'टीम बालिका' म्हणून ओळखले जाणारे गावातले स्वयंसेवक शाळेत न आलेल्या मुलांच्या घरी जाऊ लागले. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकण्याचे उद्दिष्ट १६० टक्के आणि नाव दाखल करण्याचे ११६ टक्के पूर्ण झाले. शोधून काढलेल्या शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के मुली शाळेच्या पटावर आल्या. गुंतवणूकदाराला ४ लाख २२ हजार डॉलर परत मिळाले, म्हणजे वर्षाला १५ टक्के परतावा.

माझ्या लेखी या प्रयोगाची खरी कमाई परतावा नाही, तिसरे वर्ष आहे. हे जमत नाहीये असे संस्थेला उघड म्हणता आले आणि कोणाची परवानगी न मागता काम बदलता आले. आपल्याकडच्या किती संस्थांना ही मुभा आहे? डिसेंबरात शिबिराऐवजी घरभेटी कराव्यात असे वाटले तर अंदाजपत्रकातले शीर्षक बदलायला दात्याला पत्र लिहावे लागते. उत्तर येईतो मार्च उजाडतो.

मुंबई इलाख्यातला जुना अनुभव

ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. मुंबई इलाख्याने तिची चव दीडशे वर्षांपूर्वी घेतलेली आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागले. निरीक्षक येणार, वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घेणार आणि जितकी मुले पास तितके पैसे. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे, जिथे जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, तिथे या अनुदानपद्धतीचीही चर्चा झाली.

झाले असे की शिक्षक परीक्षेपुरते घोकून घेऊ लागले. इंग्लंडमध्ये पुस्तक उलटे धरूनही धडा म्हणणारी मुले निरीक्षकांना भेटली. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा निरीक्षक होते, त्यांनी या पद्धतीला वर्षानुवर्षे विरोध केला. शेवटी दोन्हीकडे ती टाकून द्यावी लागली.

तेव्हाचा दोष मोजण्यात होता असे मला वाटत नाही. मूल नापास झाले तर तोटा थेट शिक्षकाच्या पगाराला लागत होता, दोष तिथे होता. ज्याच्या चुलीवर परिणाम होतो तो मूल शिकवण्याआधी आकडा वाचवणार. भिलवाड्यात तोटा झाला असता तर स्वित्झर्लंडच्या प्रतिष्ठानाला झाला असता, गावात वर्ग घेणाऱ्या मुलीला नाही.

आकडा घाबरला की लपतो

महाराष्ट्राला याचा आणखी जवळचा अनुभव आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंचा अभ्यास केला आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत जितके बालमृत्यू दिसत होते त्याहून प्रत्यक्षातले कितीतरी जास्त होते. ज्या यंत्रणेला मृत्यू कमी करायला सांगितले होते, तिच्याकडेच मृत्यू मोजायचे काम होते आणि आकडा वाढला की जाब तिलाच. नोंद होत नव्हती.

हेच डॉ. बंग आणि त्यांच्या पत्नी गडचिरोलीत आपल्या 'सर्च' या संस्थेत मोजणीचा वेगळा वापर करत होते. गावागावांतले आरोग्यदूत जन्म आणि मृत्यूची नोंद ठेवत होते, दुसरे कोणी ती पडताळत होते. त्या मोजणीच्या आधारावर नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम उभा राहिला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. मोजणारा त्रयस्थ असला आणि मोजणीने कोणाची भाकरी हिरावली जात नसली की आकडा खरा येतो.

त्याच कार्यक्रमातून पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी आल्या. बाळ जन्मल्यापासून ४२ दिवसांत दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा, घरच्या बाळंतपणानंतर सात भेटी. त्या पूर्ण झाल्या की २५० रुपये. हा देशातला सगळ्यात मोठा 'काम करा, मग पैसे' असा व्यवहार असेल. पण इथे पैसे भेटीचे आहेत, बाळ वाचल्याचे नाहीत. आणि सगळी जोखीम सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईवर आहे. बाळंतीण माहेराहून सासरी निघून गेली की भेटी अर्ध्यावर राहतात आणि केलेली पायपीट फुकट जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, त्या ठरावीक मोबदल्यासाठी. मार्च २०२४ मध्ये राज्याने त्यात पाच हजारांची वाढ केली. निष्पत्तीचा, म्हणजे झालेल्या बदलावर पैसे देण्याचा, करार लिहिणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने आधी एका आशाताईबरोबर दिवसभर फिरावे, असे मला मनापासून वाटते.

स्थानकावरची कार्यालये

सीवूड्सचे स्थानक आता मॉल आणि कार्यालयांच्या पोटात आहे. लोकलमधून उतरले की सरकत्या जिन्याने थेट बाजारात. वर काचेच्या इमारतींत कंपन्यांची कार्यालये आहेत. इथल्याच नाही, मुंबई-नवी मुंबईतल्या अशा सगळ्या कार्यालयांतून समाजकार्याचा मोठा पैसा सुटतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. या खर्चासाठी वापरला जाणारा सीएसआर हा शब्द आता गावच्या सरपंचालाही ठाऊक आहे.

या पैशाची चाल वर्षाची आहे. कायदा अनेक वर्षांच्या प्रकल्पाला जागा देतो. शिल्लक रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरता येते. पण व्यवहारात बहुतेकांची धाव मार्चपर्यंत खर्च दाखवण्याकडे. सीएसआरचे काम पाहणारे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे पैसा खर्च झाला का हे विचारणारे तीन लोक आहेत. उपयोग झाला का हे विचारणारा एकही नाही." मुलगी वाचायला शिकते ती तिच्या गतीने; आर्थिक वर्षाशी तिचे काही देणेघेणे नाही. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या प्रकल्पांना परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. पण ते मूल्यमापन काम संपल्यावर होते. त्यावर पुढचा पैसा अवलंबून नसतो.

याच सीवूड्समध्ये नवी मुंबई महापालिकेची सीबीएसई शाळा आहे आणि ती 'आकांक्षा फाउंडेशन' चालवते. इमारत पालिकेची, शिकवणे संस्थेचे. गणवेशातली मुले आणि त्यांना न्यायला आलेल्या आया सुटण्याच्या वेळी फाटकावर दिसतात, तेव्हा या भागातल्या लोकांना काय हवे आहे याबद्दल शंका उरत नाही. दारावे, करावे इथल्या मूळ रहिवाशांनी संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी पिढी घालवली. कागदावरचे आश्वासन आणि हातात पडलेला भूखंड यांतले अंतर त्यांना कोणी समजावून सांगायला नको. फाटकावर भेटलेल्या एका आजीने मला एवढेच विचारले, "पोरगा इंग्रजी वाचतो हो, पण समजतं का त्याला, हे कोण बघतं?"

महापालिकांनी हा प्रश्न करारात आणायचे ठरवले तर? पिंपरी-चिंचवड महापालिकेने डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी सामंजस्य करार केला तो याच दिशेने. पालिकेच्या आरोग्यसेवेचा दर्जा ठरल्याप्रमाणे सुधारला तर पालिकेने पैसे द्यायचे, अशी कल्पना. त्याआधीचे भारतातले प्रयोग मुख्यतः परदेशी पैशावर उभे होते. करदात्याच्या पैशातून निष्पत्ती विकत घेण्याचा विचार एका मराठी शहराने केला, याचे मोल मोठे आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने स्किल इम्पॅक्ट बाँड आणला. ५० हजार तरुण आणि त्यांत ६० टक्के मुली-महिला हे उद्दिष्ट. प्रमाणपत्र मिळाले एवढ्यावर इथे भागत नव्हते. नोकरी लागणे आणि तीन महिने टिकणे यावर पैसे ठरत होते. आपल्याकडच्या कौशल्य केंद्रांतून प्रमाणपत्रे घेऊन घरी बसलेल्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या एका अटीचे महत्त्व कळेल.

लहानांचे काय

माझा आक्षेप खर्चाला आहे. असा एक करार बांधायला सल्लागार लागतात, वकील लागतात, मूल्यमापक लागतात आणि वाटाघाटींत महिनेच्या महिने जातात. लहान कार्यक्रमात हा खर्च मूळ कामाच्या बरोबरीला येऊ शकतो. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच आकडेवारी ठेवणारी माणसे आहेत, इंग्रजीतून बोलणी करता येतात, अशाच संस्था या टेबलापर्यंत पोचतात. करावे गावातल्या ताई पोचणार नाहीत.

दुसरी भीती सोप्या मुलांची. पायरीला पैसे असले की लवकर चढणारी मुले निवडायचा मोह होतो. वर्षातून दोनदा गावी जाणारी, शेवटच्या बाकावरची मुलगी आकड्याला जड जाते. भिलवाड्यात सगळ्या शाळाबाह्य मुलींची घरोघर फिरून यादी केली आणि त्या यादीतल्या मुलींवरच टक्केवारी काढली, म्हणून तिथे हे टळले. यादी संस्थेने हवी तशी निवडलेली असेल, तर ९२ टक्क्यांना काही अर्थ राहत नाही.

तरीही हा विचार मला सोडून द्यावासा वाटत नाही. बाँड नको असेल तर नको. लहान संस्थेशी साधा मराठी करार करता येतो. तीन वर्षांचा. बहुतांश पैसे आधी, ताईंचा पगार पूर्ण सुरक्षित, आणि शेवटचा थोडा हिस्सा मुले किती पायऱ्या चढली यावर. चाचणी शेजारच्या संस्थेने किंवा डी.एल.एड. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी. मधेच काम बदलायचे असेल तर कळवले की पुरे. यादी वस्तीतल्या सगळ्या मुलांची असावी.

दिवाळीत अनेक घरांतून संस्थांना देणगी जाते. स्थानकावरच्या त्या कार्यालयांत बसणारे, सीएसआर समितीवर असणारे वाचकही या अंकाला आहेत. त्यांना माझी विनंती आहे. यंदा पावती मागाल तेव्हा ताईंची वही मागा. जूनमध्ये किती मुले अक्षरावर होती आणि आज किती परिच्छेद वाचतात, हे विचारा. उत्तर निराशाजनक आले तर देणगी थांबवू नका. पुढच्या वर्षी काय बदलणार ते विचारा. आणि चाचणी घ्यायला येणाऱ्या मुलांच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च देणगीत वेगळा धरा.